थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो का?

प्रश्न : आईचे डोळे सतत चुरचुरतात, मोतीबिंदूचीही सुरुवात आहे. स्वतःच्या रक्तापासून केलेल्या थेंबांनी ऑपरेशन टळेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, पण काळजी नसावी. रक्तातल्या सीरमचे थेंब कोरड्या डोळ्यांसाठी असतात. कृत्रिम अश्रूंनी भागत नसेल, तरच डॉक्टर ते सुचवतात. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसते. म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवा, तिचे टोक पापणीला लावू नका.

मोतीबिंदूत आतल्या भिंगातली प्रथिने गढूळ होतात. २०१५मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांमध्ये आशा दाखवली. माणसांत मात्र कोणतेही थेंब सिद्ध झालेले नाहीत. जाहिरातींना भुलू नका.

ऑपरेशनची घाई नको. वाचताना, वावरताना अडू लागले की करावे. आधी कोरडेपणा आटोक्यात आणा, म्हणजे बसवायच्या कृत्रिम भिंगाचे माप अचूक येते. डोळा लाल होऊन दुखला किंवा अचानक अंधुक दिसले, तर त्याच दिवशी दाखवा.