मिळेल तो डबा उचलू नकोस

चिऊ, पिस्तुलाची बुल्सआय पावडर कुठेच मिळत नाही म्हणून तू हिरमुसलीस, ते मला कळतं. कॅम्प पेरीच्या नेमबाजी सामन्यांसाठी तू मनापासून तयारी करते आहेस, आणि .४५ ची काडतुसं विकत घेऊन एवढा सराव करणं आपल्यासारख्यांच्या खिशाला झेपत नाही, म्हणून तू ती घरीच भरतेस. पण दुकानदाराने ‘ही न्या, जवळपास तशीच आहे’ म्हणून पुढे केलेला डबा तू घेणार होतीस, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. शांतपणे वाच.

आधी हे समजून घे, की टंचाई तुझ्या गावच्या दुकानापुरती नाही. पिस्तुलाची पावडर नायट्रोसेल्युलोजपासून बनते, आणि ते बनवायला सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू लागतात. तोफगोळ्यांनाही तेच लागतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून सैन्यांची मागणी प्रचंड वाढली, आणि आपल्यासारखे छंदी नेमबाज रांगेत शेवटी गेले. २०१३ मध्ये आणि २०२० च्या कोविडकाळातही दुकानांतल्या फळ्या अशाच रिकाम्या झाल्या होत्या. टंचाई येते, तशी ओसरतेही. तोवर घाईत चुकीचा डबा घरात येऊ द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

आता दुकानात जाताना उलटा विचार कर. कोणती पावडर मिळते ते बघून मग तिचा आकडा (किती ग्रेन भरायची तो) शोधायचा, असं करू नकोस. आधी पुस्तक उघड. पावडर बनवणाऱ्या कंपनीचं किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचं. त्यात .४५ एसीपी, २०० ग्रेन वजनाची शिशाची सेमी-वॉडकटर गोळी, आणि तिच्यासमोर कोणकोणत्या पावडरींचे आकडे दिलेत ते एका कागदावर उतरव. कागद पर्समध्ये ठेव. त्यावर असलेली कुठलीही पावडर दिसली तर घे. नसलेली कितीही स्वस्त असली, कितीही आग्रहाने दिली, तरी तिकडे बघू नकोस. मी तुला माझा आकडा सांगणार नाही, तू विचारलास तरी नाही. आकडा छापील पुस्तकातूनच घ्यायचा. सुरुवात त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून.

तुझ्या यादीत विंचेस्टर २३१ आणि हॉजडनची एचपी-३८ नक्की येतील. या दोन्ही एकच पावडर आहेत, फक्त डब्यावरची नावं वेगळी. त्यामुळे एक संपली असली तरी दुसरी शोध. बुल्सआयच्या जागी मी तुला हीच आधी सुचवेन. दाणे बारीक आणि गुळगुळीत असल्यामुळे पावडर मोजायच्या मापातून ती एकसारखी पडते. युनिकचे पापुद्रे मोठे असतात, मापात अडकतात, म्हणून अधूनमधून वजन करून बघावं लागतं. टाइटग्रुपही चालते, पण ती अगदी चिमूटभर लागते. .४५ च्या पुंगळीत चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि दुप्पट पावडर म्हणजे फुटलेलं पिस्तूल आणि जखमी हात. बुल्सआयचंही तेच आहे. तू नवीन आहेस, म्हणून जी पावडर पुंगळीत जास्त जागा व्यापते ती मला तुझ्यासाठी जास्त पसंत आहे. गोळी बसवण्याआधी दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचंच, कंटाळा आला तरी. पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी सुटली की अनर्थ होतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं, नळी तपासायची. सामना चालू असला तरी.

टंचाईत फळीवर बहुधा एच११० किंवा २९६ उरलेल्या दिसतील. (हीसुद्धा एकच पावडर, दोन नावांची.) ती .३५७ आणि .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरसाठी आहे, सावकाश जळणारी. तुझ्या .४५ एसीपीच्या कामाची नाही. कमी घालून भागवू म्हणशील, तर तेही नको. ती पावडर कमी करायचीच नसते, असं बनवणारेच बजावतात.

आणि तो तक्ता! पावडरींची जळण्याच्या वेगानुसार लावलेली ओळ तुला कुणीतरी पाठवली आहे. त्यात शेजारी-शेजारी असलेल्या दोन पावडरी एकमेकींच्या जागी वापरता येतात असं मुळीच नाही. तक्ता फक्त क्रम सांगतो, एक पावडर दुसरीपेक्षा किती वेगवान ते सांगत नाही. नावावरही जाऊ नकोस. रायफलच्या एच४३५० आणि आयएमआर ४३५० यांच्या नावातला आकडा एकच, पण त्या दोन वेगळ्या पावडरी आहेत.

उघडलेला डबा कुणाकडूनही घेऊ नकोस, ओळखीच्या काकांकडूनही नाही. आत लेबलावरचीच पावडर आहे हे कोण सांगणार? दोन डब्यांतली उरलेली पावडर एकत्र करायची नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपलं की मापातली पावडर त्याच डब्यात परत. प्लास्टिकच्या मापात रात्रभर राहिली तर प्लास्टिकवर डाग पडतात, आणि सकाळी ती कोणती हे आठवत नाही. आठवलं नाही तर वापरायची नाही. डबा उघडल्यावर सॉल्व्हंटसारखा वास यायला हवा. आंबूस, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती बिघडलेली आहे.

साठेबाजीचा मोह होईल, पण हिशोब करून बघ. एका पाउंडात ७००० ग्रेन असतात. एका काडतुसाला ४ ग्रेन धरलीस तरी साडेसतराशे काडतुसं होतात. रायफलवाल्याला एका काडतुसाला अनेकदा चाळीसच्या वर ग्रेन लागतात, त्याची टंचाई खरी. तुझी अडचण पावडरीपेक्षा प्रायमरमध्ये जास्त येईल, पैसे तिकडे ठेव. ऑनलाइन मागवलीस तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, म्हणून क्लबमधल्या दोघीतिघींनी मिळून मागवा. घरात कंपनीच्या मूळ डब्यातच ठेव. राहत्या घरासाठी एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचा नियम २० पाउंडांचा आहे, त्याहून जास्त असेल तर जाड लाकडी पेटी लागते, आणि तुझ्या शहराचा नियम त्याहून कडक असू शकतो, तो विचारून घे. कुलूप मात्र पाहिजेच. छोटा पिंट्या आता सगळीकडे हात घालतो.

नवी पावडर आणलीस की एकदम शंभर काडतुसं भरू नकोस. दहा-वीस भर. स्लाइड पूर्ण मागे जाते का, पुंगळी नीट बाहेर पडते का ते बघ. कमी पावडरीवर पिस्तूल अडखळलं तर आधी स्प्रिंग बघायची असते, पावडर वाढवायची घाई नाही. मग २५ यार्डांवर, मग ५० यार्डांवर. पावडर बदलली की बाकी काहीच बदलू नकोस, गोळी तीच, प्रायमर तोच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला ते कळत नाही.

पावडर मिळालीच नाही तर .२२ वर सराव कर. २७०० गुणांच्या स्पर्धेत तिचे ९०० गुण असतातच, आणि एका हाताने धरून ट्रिगर ओढायची सवय तिच्यावरच पक्की होते. घरी रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायर कर, पण दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवून.

डिसेंबरात भारतात जाणार आहेस ना? रेंजवर नेतेस ती बॅग तिकडे न्यायची नाही. तिच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस, अगदी रिकामी पुंगळीसुद्धा, मुंबई विमानतळावर सापडली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस चौकशी सुरू होते, आणि ‘अमेरिकेत चालतं’ म्हणून कुणी सोडत नाही. जॅकेटचे खिसेही बघ. आईबाबांकडे जायला नवी बॅग घे, किंवा माझी निळी न्यायला ये.