सैंधवाच्या निमित्ताने

शिरपूर जैन, जि. वाशीम

चि. सौ. मृणाल हीस,


तुला दुसरा महिना लागल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं. त्याच दमात हेही कळलं, की तू नेहमीचं मीठ बंद करून सैंधव सुरू केलंस. पहिल्या बातमीनं जीव सुखावला. हे पत्र दुसरीसाठी.

सैंधव उपासाला चालतं, म्हणून ते रोजच्या वरणालाही चांगलं, असं कुणी ठरवलं? त्यात आयोडीन नावापुरतं असतं. आयोडीनयुक्त मिठात मात्र आपल्या हाती येईपर्यंत निदान १५ पीपीएम असावं, असा नियम आहे. समुद्र आपल्यापासून लांब, मासे-अंडी आपण खात नाही. मग आयोडीन येणार कुठून? मिठातून आणि थोडं दूध-दह्यातून. सोयाबीनच्या मुलखातले म्हणून दुधाऐवजी सोयामिल्क पिऊ नकोस, त्यात ते फारसं नसतं.

घाई यासाठी, की पहिले तीन महिने बाळाची थायरॉइड ग्रंथी हार्मोन बनवत नाही. त्याचा मेंदू घडतो तो तुझ्या हार्मोनवर. पुढेही अर्ध्या गरोदरपणापर्यंत त्याची भिस्त बरीचशी तुझ्यावरच. पोट दिसू लागल्यावर बघू, हे इथे चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटना एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगते, गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असताना २५०. पाच ग्रॅम मिठातून, १५ पीपीएम धरलं तर, ७५ मिळतात. म्हणून मीठ वाढवायचं नाही, रक्तदाबाचं काय? दूध-दही वाढव, आणि १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली गोळी हवी का, ते डॉक्टरांना विचार. आशाताई देतात त्या लाल गोळ्यांत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, आयोडीन नाही. स्वतःच्या मनानं समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नकोस. आयोडीन जास्त झालं तरी थायरॉइड बिघडते.

मिठाची बरणी झाकणाची ठेव, शेगडीपासून दूर. मीठ भाजी उतरवताना टाकलंस तर बरं.

आता पर्युषणाचं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या गावात राहून मी तुला उपास करू नको म्हणते, याचं सासूबाईंना नवल वाटेल. पण तप शक्तीनुसार करावं, हे तत्त्वार्थसूत्रातच आहे. या वर्षी दूध-दही वर्ज्य असलेलं आयंबिल नको, अलोणं तर नकोच. त्यांना हवं तर मीच समजावते. तू मध्ये पडू नकोस.

आणि टीएसएच तपासून घे. थायरॉइडची गोळी लागलीच, तर ती सकाळी अनशापोटी घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी. रिपोर्ट आला की कळव.

तुझी आत्या