कापलेला कर परत मिळेल काय?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून वय ६६ वर्षे आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात निवृत्तिवेतन ३,६०,००० रुपये आणि मुदत ठेवींवरील व्याज १,८०,००० रुपये मिळाले. बँकेने व्याजातून १८,००० रुपये कर कापला. परताव्यास मी पात्र आहे काय?

उत्तर : परताव्याचा हक्क उत्पन्नाच्या आकड्यावर नव्हे, तर सरकारजमा झालेला कर आणि कायद्याने देय ठरणारा कर यांतील तफावतीवर अवलंबून असतो. आपले इतर उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत निवृत्तिवेतनातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न ४,६५,००० उरते. आणि १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कलम ८७अ अन्वये पूर्ण सूट असल्याने देय कर शून्य ठरून कापलेली सर्व रक्कम परत मिळण्यास आपण पात्र आहात.

तथापि ती आपोआप हाती येत नाही. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण उघडून बँकेने ही कपात आपल्याच पॅनवर दाखविली आहे याची खातरजमा करावी. नोंद नसल्यास प्रथम बँकेकडे दुरुस्तीचा तगादा लावावा. त्यानंतर मुदतीत विवरणपत्र दाखल करून ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी आणि ज्या खात्यात रक्कम हवी ते पूर्वप्रमाणित करून ठेवावे, कारण एवढ्याच कसुरीने पुष्कळांचे परतावे अडून राहतात.