यंत्रांतील नाद आणि श्रीमती रादिग यांची साधना

नाद कंपापासून उत्पन्न होतो, हें आपण शास्त्राच्या तासाला शिकतों. सतारीची तार कांपते, बांसरींतील हवा कांपते. परंतु तार नाहीं, हवेची नळी नाहीं आणि तरीहि नाद निघतो, असें एक वाद्य आहे. त्यास सिंथेसायझर म्हणतात. त्यांत विद्युत्प्रवाह नियमित आंदोलनें करितो व तीं कर्ण्यांतून नादरूपानें आपल्या कानीं येतात. या वाद्यावर आयुष्याचा मोठा भाग वेंचणाऱ्या एका फ्रेंच विदुषीची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहों.

एलिआन रादिग यांचा जन्म १९३२ सालीं पॅरिस येथें झाला. तीन मुलांचा संसार सांभाळून त्यांनीं पिएर शेफर व पिएर आंरी यांच्याजवळ नवसंगीताचे पाठ घेतले. पुढें न्यूयॉर्क येथें त्यांस एआरपी २५०० हें यंत्र मिळालें. १९७१ सालीं तें त्यांनीं पॅरिसला आणिलें. मात्र त्याची स्वरपट्टी बुद्ध्याच मागें ठेविली. त्यांस सुटे स्वर नको होते. अखंड नाद हवा होता.

त्या नादाचें मर्म असें. समजा, एक नाद सेकंदास २०० कंपांचा व दुसरा २०१ कंपांचा आहे. दोन्ही एकदम वाजविले असतां आवाज दर सेकंदास एकदां चढतो व उतरतो. यास विस्पंद म्हणतात. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा किंचित् बेसूर असल्या तर हाच हेलकावा ऐकूं येतो. वादक तो नाहींसा करूं पाहतो. बाईंनीं तोच आपल्या रचनेचा प्राण केला.

या यंत्रास स्मरणशक्ति नव्हती. प्रत्येक खुंटी हातानेंच, केसभर फिरवावयाची व नाद फितीवर उतरवावयाचा. हात चुकला कीं पुनः आरंभापासून! 'मृत्यूची त्रयी' ही त्यांची सुमारें तीन तासांची रचना १९८८ ते १९९३ या काळांत सिद्ध झाली. मध्यंतरीं, १९८९ सालीं, त्यांचा पुत्र अपघातांत दगावला. तरीहि काम थांबलें नाहीं. त्रयीच्या दुसऱ्या भागास त्यांनीं कैलास पर्वताचें नांव दिलें.

२००० सालानंतर त्यांनीं हें यंत्र सोडून वादकांसाठीं रचना करावयास घेतल्या. वयाच्या ७९ व्या वर्षीं, २०११ सालीं, त्यांनीं 'ओकाम ओसेआन' ही नवी रचनामाला आरंभिली. तिची लिखित स्वरलिपि नाहीं. आपल्याकडील गुरुमुखी विद्येप्रमाणें ती वादकांस समक्ष शिकविली जाई.

"यांत बदल कोठें आहे?" असें कोणी विचारील. बदल आहे; परंतु तो सावलीच्या सरकण्यासारखा आहे. विद्यार्थिमित्रांनो, एके दिवशीं केवळ तंबोरा दहा मिनिटें स्वस्थ बसून ऐका. गाणें सुरू होण्यापूर्वींच किती ऐकण्याजोगें असतें, हें तुमच्या कानांसच कळून येईल.