बाळाच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, पुढे काय?

"ताई, पोरगं सारखं रडतंय. रडून टाके तुटतील का हो?" भिवंडीत लूमवर काम करणाऱ्या एका बापाचा रात्री फोन आला. दोन महिन्यांच्या बाळाचा जन्मजात मोतीबिंदू काढून तीन दिवस झाले होते. आई बाळाचे हात धरून जागीच बसली होती.

रडण्याने टाके सहसा तुटत नाहीत. बाळाला जवळ घ्या, अंगावर पाजा. जपायचे ते डोळा चोळण्याला, अस्वच्छ हातांना आणि चुकलेल्या थेंबांना. डॉक्टरांनी दिलेले डोळ्यावरचे झाकण सांगतील तितके दिवस लावा, झोपेत तर नक्कीच. अंघोळ घालताना डोक्यावरून पाणी ओतू नका. घराला लागूनच लूम असेल तर सुताची धूळ बाळाच्या अंथरुणावर येऊ देऊ नका.

थेंब घालताना आधी साबणाने हात धुवा. बाळाला चादरीत गुंडाळून उताणे झोपवा. डोळा मिटलेला असेल तर नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाका. डोळा उघडला की तो आत जातो. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका. दोन औषधांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. डोळा बरा दिसला तरी थेंब आपल्या मनाने बंद करू नका. काजळ, मध, तेल, अंगावरचे दूध यांतले काहीही डोळ्यात घालायचे नाही.

पहिले काही दिवस थोडी लाली राहते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. पण लाली वाढली, पापणी सुजली, पू आला, बुबुळ पांढुरके दिसू लागले, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, बाळ दूध घेईना, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी रुग्णालय गाठा. आतला जंतुसंसर्ग डोळा कायमचा घालवू शकतो.

आता दुसरी काळजी. त्या घरात आजी म्हणत होत्या, "सूनबाई ग्रहणात बाहेर गेली, म्हणून असं झालं." सून मान खाली घालून ऐकत होती. ग्रहणाने मोतीबिंदू होत नाही. काही बाळांत तो आनुवंशिक असतो, काहींत गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेल्या रुबेलामुळे होतो. अनेकदा कारण सापडतच नाही. आईचा दोष कशातच नाही. रुबेलावर लस आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीमही झाली. आपल्या मुलामुलींना ही लस चुकवू नका.

ऑपरेशनने वाट मोकळी होते, पण पाहायला मेंदूने शिकावे लागते आणि त्याचे मुख्य दिवस हेच असतात. मोतीबिंदूबरोबर डोळ्यातले भिंग निघते. इतक्या लहान बाळाला बहुधा आत नवे भिंग बसवत नाहीत, म्हणून चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते. "एवढ्याशा पोराला चष्मा?" असे शेजारी म्हणतील. म्हणू द्या. एकाच डोळ्याचे ऑपरेशन असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगतात. बाळ चिडते, ओढून काढते. दया येऊन पट्टी सोडली, तर ऑपरेशन झालेला डोळा आळशी राहतो.

तपासणीही वर्षानुवर्षे चालते. पुढे डोळ्यातला दाब वाढू शकतो, बाहुलीमागे पुन्हा पडदा येऊ शकतो. एका खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून आई, बाप, आत्या, मामा यांनी पाळी लावून घ्यावी. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे आणि उपचार मोफत आहेत. आशाताईंकडे किंवा आपल्या आयजीएम रुग्णालयात चौकशी करा. सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा.

त्या बापाला मी शेवटी एवढेच सांगितले: दादा, आता बाळाला घेऊन तुम्ही बसा. बाळाच्या आईला दोन तास झोपू द्या. पहाटेचे थेंब तिला घालायचे आहेत.