संक्रांत आणि काठीची छाया

भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाल्ली की दुसरे दिवशी संक्रांत, आणि तेव्हापासून सूर्य उत्तरेस वळतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून आम्ही साताऱ्यास शाळेच्या पटांगणात शंभर अंगुळे उंचीची काठी रोवली. तिची माध्यान्हीची छाया २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब, ८७ अंगुळे, भरली. १४ जानेवारीस ती ८१ वर आली होती. म्हणजे सूर्य केव्हाच वळला होता!

सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. अयनबिंदू दर ७२ वर्षांस सुमारे एक अंश मागे सरतो, त्यामुळे हे अंतर पडले. राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा, याविषयीही पंचांगकर्त्यांत मतभेद आहेत. असल्याच वादांसाठी १९२० साली सांगलीस ज्योतिषसंमेलन भरले होते; टिळक पंचांगात तर संक्रांत १० जानेवारीस येते.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस पेरू देशात हिवाळा जूनमध्ये पडतो. तेथील कुस्को नगरीत इंका लोकांचा सूर्योत्सव ‘इंती रायमी’ होत असे. स्पॅनिश राज्यात तो बंद पडला व १९४४ साली पुन्हा सुरू झाला. तेथे सूर्य २१ जूनच्या सुमारास वळतो. उत्सव मात्र २४ जूनला, संत योहानाच्या सणादिवशी होतो.