शेततळ्यात कोणते मासे?

सुट्टीत घरी गेल्यावर वडील विचारतील, "तळ्यात कोणते मासे सोडू?" तेव्हा आधी पाणी किती महिने टिकते ते विचारा. मार्चमध्ये तळे आटत असेल तर मोठी बोटुकलीच घ्यावी. जिरे स्वस्त पडते, पण वाढायला वेळ पुरत नाही.

भाव चांगला म्हणून नुसता कटला सोडणारे पुष्कळ. कटला वरच्या थरातले प्लवंग खातो; मधल्या थरातले आणि तळाचे अन्न वाया जाते. तिथे रोहू आणि मृगळ हवेत. २० बाय २० मीटरच्या तळ्यात सुमारे २०० बोटुकली पुरे: ८० कटला, ६० रोहू, ६० मृगळ. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मात्र चिखल नसतो, मृगळ उपाशी राहतो. तो कमी करून रोहू वाढवावा.

चंदेरा झपाट्याने वाढतो, पण कटल्याच्याच ताटात जेवतो. सायप्रिनस मातीचे बांध उकरतो, शिवाय तळ्यातच अंडी घालतो; मग मासे भरमसाट आणि सगळे किरकोळ! कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, म्हणून त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. आफ्रिकन मागूर कोणी फुकट दिला तरी नको. त्याच्या पालनावर बंदी आहे.